छातीतील जळजळ : औषध आणि आचरण

मराठी घरांत 'पित्त' या शब्दावर जेवढा भार पडतो, तेवढा अन्य कोणत्याही रोगवाचक शब्दावर क्वचितच पडत असेल. अंगावर खाजणाऱ्या गांधी आल्या की 'पित्त उठले' असे म्हणतात. अर्धे डोके ठणकून उलटी झाली की 'पित्त पडले' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. रात्री जेवून अंथरुणाला पाठ टेकताच आंबट पाणी घशाशी येते, तेव्हाही 'पित्त वर आले' हीच भाषा असते. वस्तुतः या तीन तक्रारी तीन निरनिराळ्या विकारांच्या आहेत. गांधी हा त्वचेचा विकार असून पुष्कळदा तो एखाद्या वस्तूच्या वावड्यातून उद्भवतो. अर्धे डोके दुखून उलटी होणे ही बहुधा अर्धशिशी असते. घशाशी येणारे आंबट पाणी म्हणजे यकृतातून स्रवणारे पित्त नसून जठरातील आम्ल होय. नाव एक असल्यामुळे उपायही एकच असावा, अशी समजूत मात्र सर्वत्र रूढ झाली आणि औषधाच्या दुकानातून मागून आणलेली एकच गोळी तिन्ही तक्रारींवर चालू लागली.

या तिन्हींपैकी आम्ल घशाशी येण्याचा विकार सर्वांत चिवट आहे. तो जिवावर क्वचितच बेतत असला, तरी वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. आपल्या परंपरेलाही तो अपरिचित नव्हता. 'माधवनिदान' या रोगनिदानावरील जुन्या ग्रंथात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण असून ऊर्ध्वग आणि अधोग असे त्याचे दोन भेद सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकाने या विकाराची कारणे अधिक नेमकेपणाने शोधली आणि त्यावर परिणामकारक औषधेही दिली. तरीही गोळ्या घेऊन कंटाळलेले, पण आराम न पडलेले रुग्ण गावोगावी आढळतात. असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम जळजळीचे मूळ पाहिले पाहिजे.

आम्लाची जागा आणि जागेचे दार

जठरात आम्ल असते ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सिद्ध झाली. हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यकाने १८२४ साली दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटाला बंदुकीच्या गोळीने झालेले छिद्र कायमचे उघडे राहिले होते. १८२२ साली झालेल्या त्या अपघातानंतर त्याच्यावर उपचार करणारे लष्करी शल्यचिकित्सक विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून पचनाची क्रिया अनेक वर्षे न्याहाळली आणि १८३३ साली आपली निरीक्षणे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जठररस अन्नावर प्रत्यक्ष कसे कार्य करतो, हे त्यामुळे जगाला कळले.

निरोगी माणसाच्या जठरातही दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस पाझरतो. अन्नातील प्रथिनांचे पचन आणि जंतूंचा नाश ही त्याची कामे आहेत. जठराच्या अस्तरावर श्लेष्म्याचा संरक्षक थर असल्यामुळे तेथे आम्ल सहसा बाधत नाही. अन्ननलिकेला मात्र असे चिलखत नाही. सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची ही नळी छाती व पोट यांमधील श्वासपटल ओलांडून जठराला मिळते. त्या सांध्यावर स्नायूंचे एक वलय असते. घास खाली उतरताना ते सैल होते व एरवी आवळलेले राहते. श्वासपटलाचे स्नायूही बाहेरून त्याला आधार देतात. हे वलय म्हणजे जठराचे दारच होय.

हे दार अवेळी उघडले किंवा पुरेसे मिटले नाही, म्हणजे जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढते व छातीच्या मध्यभागी आग होते. येथे एक गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे. बहुतेक रुग्णांच्या जठरात आम्ल गरजेपेक्षा अधिक तयार होत नसते. त्याचे प्रमाण इतरांइतकेच असते, फक्त ते भलत्या जागी पोहोचते. दोष मुख्यतः दाराचा असतो. गळ्यापर्यंत भरलेले पोट, पोटाचा वाढलेला घेर, कमरेला आवळलेला पट्टा किंवा नाडी यांमुळे जठरावर दाब येतो व दारावर ताण पडतो. तंबाखू आणि मद्य यांमुळे वलय सैलावते. गरोदरपणी संप्रेरकांचा परिणाम आणि वाढत्या गर्भाचा दाब ही दोन्ही कारणे एकत्र येतात. काहींच्या जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकलेला असतो. त्याला हायाटस हर्निया म्हणतात. रक्तदाब, हृदयविकार व दमा यांवरील काही औषधांनीही वलय सैल पडते. परंतु ती औषधे परस्पर बंद करणे धोक्याचे असून त्याविषयी वैद्यकाशी बोलणे हाच योग्य मार्ग आहे.

रोग केव्हा म्हणावा?

लग्नाच्या पंगतीत आग्रहाने चार जिलब्या अधिक खाल्ल्यावर रात्री जळजळ होणे हा रोग नव्हे. जेवणानंतर थोडेसे आम्ल वर येणे हे निरोगी माणसातही घडते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि 'माँट्रिअल व्याख्या' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या निर्णयानुसार, जठरातील पदार्थ वर चढल्यामुळे त्रासदायक लक्षणे किंवा उपद्रव निर्माण झाले तरच त्यास रोग म्हणावे. सौम्य जळजळ आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस होत असेल, अथवा तीव्र जळजळ आठवड्यातून एकाहून अधिक वेळा होत असेल, तर उपचारांची आवश्यकता आहे असे समजावे.

छातीतील आग व तोंडाला आंबट पाणी येणे ही या विकाराची दोन प्रमुख लक्षणे होत. रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज, घशात काही अडकल्यासारखे वाटणे, दातांच्या वरच्या कठीण आवरणाची झीज याही तक्रारी काहींना जाणवतात. मात्र केवळ खोकला किंवा केवळ बसलेला आवाज यावरून आम्लाचे निदान करणे उचित नाही. क्षय, दमा आणि घशाचे इतर विकार यांचाही विचार करावा लागतो. वर्षानुवर्षे आम्ल चढत राहिल्यास अन्ननलिकेला व्रण पडतात, ती आकसून घास अडकू लागतो, आणि काही थोड्या रुग्णांत तिच्या खालच्या भागाचे अस्तर पालटते. या पालटास ब्रिटिश शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांचे नाव मिळाले असून त्यावर ठरावीक काळाने देखरेख ठेवावी लागते.

औषधांची वाटचाल

या विकारावरील औषधांचे स्थूलमानाने तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग आम्ल जागच्या जागी मारणाऱ्या औषधांचा. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असलेली गुलाबी-पांढरी पातळ औषधे व चघळण्याच्या गोळ्या या वर्गात मोडतात. त्यांनी काही मिनिटांत आराम पडतो, पण तो तास-दोन तासच टिकतो. ॲल्युमिनियममुळे मलावरोध, तर मॅग्नेशियममुळे जुलाब होऊ शकतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही औषधे विचारल्यावाचून घेऊ नयेत. लोहाच्या गोळ्या व थायरॉइडची गोळी यांचे शोषण या औषधांमुळे घटते, म्हणून मध्ये काही तासांचे अंतर ठेवणे आवश्यक असते. आयुर्वेदातील शंखभस्म हेही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असल्याने त्याची गणना याच वर्गात करता येईल. ते घेणाऱ्याने डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे.

दुसरा वर्ग आम्लनिर्मितीचा एक संदेश अडविणाऱ्या औषधांचा. सर जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन हे औषध १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले आणि जठरव्रणाच्या पुष्कळशा शस्त्रक्रिया त्यामुळे अनावश्यक ठरल्या. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. याच वर्गातील रॅनिटिडीन आपल्याकडे अनेक वर्षे घरोघरी परिचित होते. तथापि त्यात कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी अशुद्धी आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीतूनही २०२२ साली ते वगळण्यात आले. जुन्या चिठ्ठीवरून अथवा सवयीने ते घेत राहणाऱ्यांनी डॉक्टरांचा नव्याने सल्ला घ्यावा. फॅमोटिडीन हे याच वर्गातील औषध त्याऐवजी वापरता येते.

तिसऱ्या वर्गातील औषधे जठरपेशींतील आम्लाचा 'पंप'च बंद करतात. १९८८ मध्ये आलेले ओमेप्राझोल हे त्यांतील पहिले. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याची भावंडे. आज या विकारावर सर्वाधिक परिणामकारक आणि सर्वाधिक वापरली जाणारी औषधे हीच आहेत. सर्वाधिक चुकीच्या रीतीने घेतली जाणारी औषधेही हीच असावीत.

गोळीची वेळ

रात्री भरपेट जेवल्यावर जळजळ सुरू झाली की डब्यातील कॅप्सूल काढून घ्यायची, आणि तासाभरात आराम न पडल्यास औषधाला बोल लावायचा, ही रीत सर्रास दिसते. या औषधाचे कार्य कसे चालते ते पाहिले म्हणजे त्यातील चूक ध्यानी येते. जठरपेशींतील पंप जेवणाच्या वेळी जागे होतात आणि औषध केवळ जागे असलेले पंपच बंद करू शकते. रक्तातील औषधाचे प्रमाण काही तासांतच ओसरते. म्हणून उपाशीपोटी, न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास आधी गोळी घेतली, तर पंप जागे होण्याची आणि औषध रक्तात पोहोचण्याची वेळ जुळते. जेवणानंतर घेतलेल्या गोळीची ही वेळ हुकते व तिचा बराचसा गुण वाया जातो. रात्रीचाच त्रास प्रमुख असेल, तर डॉक्टर रात्रीच्या जेवणापूर्वी अर्धा तास गोळी घेण्यास सांगतात. कॅप्सूल वा गोळी चावू किंवा कुटू नये, अखंड गिळावी.

पूर्ण परिणाम दिसण्यास तीन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे 'जळजळ झाली की एक' अशी गोळी घेण्यापेक्षा रोज ठरल्या वेळी, सामान्यतः चार ते आठ आठवडे ती घेणे इष्ट असते. मुदत संपल्यावर पुन्हा वैद्यकास भेटून मात्रा घटविणे, गरजेपुरती घेणे की थांबविणे हे ठरवावे.

गोळी एकाएकी बंद केल्यास काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही अधिक स्रवते. २००९ साली डेन्मार्कमध्ये झालेल्या एका प्रयोगात १२० निरोगी व्यक्ती सहभागी झाल्या. त्यांपैकी निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि नंतर चार आठवडे निर्गुण गोळी देण्यात आली, तर उरलेल्यांना बाराही आठवडे निर्गुण गोळीच देण्यात आली. अखेरच्या चार आठवड्यांत खरे औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ वा तत्सम तक्रार जाणवली. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना मुळात रोग नव्हता त्यांनाही औषध सुटताना त्रास झाला, हा या प्रयोगाचा बोध. 'गोळी सोडली की पित्त खवळते, म्हणजे ती जन्मभर घेतलीच पाहिजे' असा समज होण्याचे एक कारण येथे सापडते. मात्रा हळूहळू उतरवीत नेली आणि मधल्या काळात साधे आम्लशामक हाताशी ठेवले, तर हा टप्पा पुष्कळांना पार पाडता येतो.

याच्या उलट, भीतीपोटी आवश्यक औषध टाकणारेही आहेत. ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची उणीव होऊ शकते आणि आतड्यांच्या जंतुसंसर्गाची शक्यता किंचित वाढते. हाडे ठिसूळ होण्याविषयीही काही पाहण्यांनी शंका उपस्थित केली. परंतु सुमारे १७,५०० व्यक्तींवर तीन वर्षे पँटोप्राझोलची पारख करणाऱ्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आतड्यांच्या संसर्गाखेरीज अन्य धोका वाढल्याचे दिसले नाही. अन्ननलिकेचे तीव्र व्रण किंवा तिच्या अस्तराचा पालट झालेल्यांनी ही गोळी आपल्या मनाने थांबवू नये. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या आणि रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णांनाही ती जठराच्या रक्षणार्थ दिलेली असते.

पँटोप्राझोलसोबत डॉम्पेरिडोन असलेल्या संयुक्त कॅप्सूल आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर खपतात. डॉम्पेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका, विशेषतः वृद्धांत व हृदयरोग्यांत, संभवतो. याच कारणास्तव युरोपातील औषध नियामकांनी २०१४ साली त्याचा वापर मळमळ व उलटी यांपुरता आणि सामान्यतः एक आठवड्यापर्यंत मर्यादित करण्याची शिफारस केली. महिनोन्महिने अशी कॅप्सूल घेणाऱ्याने तिच्यातील दुसऱ्या औषधाची आपणास गरज आहे काय, हे डॉक्टरांस अवश्य विचारावे.

दारावरील भार

गोळी आम्लाची धार बोथट करते, दार मात्र मिटवीत नाही. गोळी घेत असतानाही जठरातील पदार्थ वर चढतच असतात. फक्त त्यांची आंबटता कमी झालेली असते. दारावरील भार हलका करणे हे काम रुग्णाच्या आचरणाचे आहे आणि औषध घटविण्याचा मार्गही तेथूनच जातो.

पहिले स्थान वजनाचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत असे आढळले की, ज्या स्त्रियांचे वजन मर्यादेत होते त्यांनाही ते वाढल्यावर जळजळीचा त्रास अधिक वारंवार होऊ लागला. पोटाचा घेर थोडा उतरला तरी दारावरील दाब हटतो.

दुसरे स्थान रात्रीच्या जेवणाचे. जेवण व झोप यांत किमान तीन तासांचे अंतर असावे. शहरातील चाकरमानी रात्री नऊला घरी पोहोचतो, दहाला जेवतो आणि साडेदहाला आडवा होतो. उभ्या स्थितीत आम्लाला खाली खेचणारे गुरुत्वाकर्षण त्याच्या वाट्याला येतच नाही. अशा माणसाने कचेरीतून निघताना वा वाटेत पोळी-भाजीचा मुख्य आहार घ्यावा आणि घरी परतल्यावर वाटीभर मऊ भातावर भागवावे. रात्रपाळीच्या कामगारांनी व बसचालकांनीही, झोपेची वेळ कोणतीही असो, तीन तासांचा हाच नियम पाळावा. शेतात भाकरी खाऊन लगेच वाकून खुरपणीस लागण्याऐवजी अर्धा तास उभ्याने करण्याचे काम उरकणे हितकर ठरते.

तिसरी गोष्ट निजण्याची. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशांची चळत लावल्याने मान वाकते, पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो. जमिनीवर निजणाऱ्यांनी गोधड्यांच्या घड्या कमरेपासून डोक्याकडे चढत जातील अशा रचाव्या. डाव्या कुशीवर झोपल्याने जठरातील आम्ल दाराच्या पातळीखाली राहते आणि रात्रीचा त्रास कमी होतो. हा उपाय बिनखर्चाचा आहे.

चौथी गोष्ट तंबाखूची. विडी व सिगारेट यांचा दोष सर्वांना ठाऊक आहे. मात्र महाराष्ट्रात अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मिश्री दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा लावतात आणि तिला व्यसन मानीत नाहीत. मिश्रीतील निकोटिनही रक्तात उतरते आणि दाराचे वलय सैल करते. छातीत जळजळ होणाऱ्या स्त्रीला डॉक्टरांनी व आरोग्यसेविकांनी मिश्रीविषयी आवर्जून विचारले पाहिजे. मद्यपानाचा त्याग हाही उपचाराचाच भाग होय.

आहाराचे पथ्य

आहाराविषयी मात्र सरसकट निषेधांची यादी देणे योग्य नाही. एकास मिरचीचा ठेचा बाधतो, दुसऱ्यास चहा, तिसऱ्यास तळलेली भजी, चौथ्यास कच्चा कांदा. रुग्णाने दोन-तीन आठवडे वहीत नोंद ठेवावी : काय खाल्ले, किती वाजता, झोप केव्हा, त्रास केव्हा. जो पदार्थ वारंवार बाधतो तेवढाच वर्ज्य करावा. सर्वच रुचकर पदार्थ टाकून बेचव अन्नावर राहणारा रुग्ण पंधरा दिवसांत कंटाळतो आणि पथ्यही सोडतो. सर्वांना लागू पडणारा नियम एवढाच की, एका वेळी पोटाला तडस लागेपर्यंत खाऊ नये. तेलकट व तुपकट पदार्थ जठरात अधिक काळ रेंगाळतात, म्हणून त्यांचे प्रमाण विशेषतः रात्री कमी असावे.

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण या विकारास नेमकी लागू पडते. दिवसभर चहावर काढून सायंकाळी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे व तळलेल्या पापड्या पोटभर खाल्ल्यास जळजळ न झाली तरच नवल. उपवास करावयाचाच असेल, तर फळे, ताक, राजगिरा, वरईचे तांदूळ असे हलके पदार्थ थोडे थोडे विभागून घ्यावेत.

घरगुती उपायांचीही पारख केली पाहिजे. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, परंतु दुधातील प्रथिने व कॅल्शियम काही वेळाने आम्लस्रावास चालना देतात. खाण्याच्या सोड्याने ढेकर येऊन मोकळे वाटते, पण त्यातील सोडियम रक्तदाबाच्या व हृदयाच्या रुग्णांस घातक ठरू शकते. पुदिन्याने पोट निवते असा समज आहे, तथापि त्याने दाराचे वलय सैलावत असल्याने काहींची जळजळ वाढते. कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराला व्रण पाडतात. अर्धशिशीला 'पित्त' समजून आधी वेदनाशामक आणि मग पित्ताची गोळी घेणारा रुग्ण एका रोगाचे दोन रोग करून घेतो.

धोक्याच्या खुणा

जळजळीकडे दुर्लक्ष करणे कधी महागात पडते, हेही जाणले पाहिजे. घास अडकू लागणे, गिळताना दुखणे, कारण नसता वजन घटणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळसर उलटी, डांबरासारखे काळे शौच, वारंवार ओकारी, पंडुरोग ही लक्षणे दिसताच आणखी गोळ्या घेत न बसता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. पन्नाशी-पंचावन्नीनंतर प्रथमच सुरू झालेल्या तक्रारीलाही हाच नियम लागू आहे. आपल्या देशात अन्ननलिकेचा कर्करोग मुख्यतः तंबाखू व मद्य यांच्याशी निगडित असून घास अडकणे हे त्याचे ठळक लक्षण होय. ते 'पित्ता'च्या नावाखाली झाकले गेले, तर उपचाराचा काळ हातचा निसटतो.

त्याहून तातडीची चूक म्हणजे हृदयविकाराच्या झटक्याला 'गॅस' समजणे. छातीत आवळल्यासारखे किंवा जड ओझे ठेवल्यासारखे दुखणे, ती कळ जबड्यात, पाठीत वा हातात जाणे, दरदरून घाम सुटणे, धाप लागणे, श्रमाने कळ वाढणे ही हृदयाची लक्षणे असू शकतात. मधुमेहींमध्ये व स्त्रियांमध्ये ती अस्पष्ट असतात व केवळ पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थतेच्या रूपाने प्रकट होतात. अशा वेळी सोडा देऊन वाट पाहण्यात वेळ दवडू नये. महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेला तत्काळ दूरध्वनी करावा. हृदयाचा आलेख काढल्यावर भीती निराधार ठरली, तरी त्यात हानी काहीच नाही.

ज्यांच्या बाबतीत योग्य औषध व योग्य आचरण यांनंतरही आम्ल चढत राहते, अथवा ज्यांना आयुष्यभर औषध घेणे नको असते, अशा निवडक रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून दार घट्ट केले जाते. आज ही शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतून करता येते. मात्र तत्पूर्वी अन्ननलिकेतील आम्ल व दाब यांचे मापन करून आवश्यकता निश्चित केली जाते.

वैद्यकाकडे जाताना

या विकारात रुग्णाने पुरविलेली माहिती हीच वैद्यकाची मोठी मदत असते. त्रास आठवड्यातून किती दिवस होतो, दिवसा की रात्री, जेवण व झोप यांत किती अंतर असते, तंबाखू वा मिश्रीची सवय आहे काय, आजवर कोणत्या गोळ्या किती काळ व जेवणापूर्वी की नंतर घेतल्या, आणि अन्य रोगांवर कोणती औषधे चालू आहेत, या गोष्टी कागदावर लिहून नेल्यास पाच मिनिटांच्या भेटीतही निदान सुकर होते. जुन्या गोळ्यांची रिकामी वेष्टने सोबत नेणे सर्वांत उत्तम. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. खर्चाच्या धास्तीने दुकानातून परस्पर औषध आणण्यापूर्वी गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे म्हणूनच श्रेयस्कर होय.

दीर्घकालीन आम्लविकार एका गोळीने कायमचा नाहीसा होईल, अशी अपेक्षा धरू नये. तसेच तो जन्माचा भोग आहे, असेही मानू नये. पहिले आठ आठवडे औषध वेळेवर आणि नेमके घ्यावे. त्याच आठवड्यांत जेवणाची वेळ, निजण्याची रीत, तंबाखू व वजन यांत पालट घडवून आणावा. नवव्या आठवड्यात वैद्यकाच्या संमतीने औषधाची मात्रा उतरवावी. हा क्रम नेटाने पाळल्यास अनेकांना पूर्वीपेक्षा कमी औषधात, आणि काहींना औषधावाचूनही, रात्रीची स्वस्थ झोप लाभू शकते.